उकळून पाहिलेलं पाणी

"पोर भरली बघ पावसात," दवाखान्याच्या ओटीवर बसलेली एक बाई शेजारणीला हळूच म्हणाली. "आपल्या सुकल्या, हिची भरली."

बोलण्यात थोडा हेवा होता, आणि तो समजण्यासारखा होता. भाद्रपद चालू होता. जव्हारच्या डोंगरात हे दिवस वाईट असतात. कणगीतली नागली संपलेली, शेतातला भात अजून हिरवा. माणसं रानातल्या कंदांवर आणि पाल्यावर दिवस काढतात, मुलांच्या बरगड्या दिसू लागतात. अशा दिवसांत गुबगुबीत गालांची मुलगी मांडीवर घेऊन बसलेली आई कोणाच्याही नजरेत भरणारच. ती आईही कौतुकानं हसली. ती आली होती स्वतःच्या हिवतापासाठी, क्विनीन घ्यायला. मुलीसाठी नाही.

मी क्विनीनची पुडी द्यायला बाहेर आले होते. मुलीच्या डोळ्यांच्या नुसत्या फटी राहिल्या होत्या. हातातलं कथलाचं कडं मांसात रुतलं होतं. मी खाली बसले आणि तिच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. मातीत बोट दाबल्यावर राहतो तसा.

आई माझ्याकडे बघत राहिली. मी काहीच बोलले नाही, आत जाऊन डॉक्टरांना बोलावून आणलं.

काहीच न बोलणं हा माझा स्वभाव आहे. नाशकातल्या मिशनच्या इंग्रजी शाळेत शिकले, मग मुंबईच्या इस्पितळात नर्सचं शिक्षण घेतलं, आणि वडिलांना संस्थानात नोकरी लागली म्हणून त्यांच्याबरोबर जव्हारला येऊन इथल्या दवाखान्यात रुजू झाले. इंग्रजी शिकलेली मुलगी म्हणजे फटकळ असणार, असा गावाचा समज होता. त्यांची निराशा झाली. माझं मराठी पुस्तकी, आणि इथल्या डोंगरातल्या लोकांचं बोलणं तर आणखीच निराळं. गावातले आणि डोंगरातले, दोघांपुढेही तोंड उघडायला मला संकोच वाटे. पण गप्प माणसाचा एक फायदा असतो. त्याच्यासमोर लोक निर्धास्त बोलतात. दवाखान्याबद्दल मला जे कळलं ते निम्मं ओटीवर कळलं.

मासिकाच्या या अंकासाठी लिही म्हणून आग्रह झाला, तेव्हा मोठमोठ्या शस्त्रक्रियांबद्दल लिहावं असं सुचवलं गेलं होतं. आमच्याकडे मोठ्या शस्त्रक्रिया होत नाहीत. आमच्याकडे चार खाटा आहेत, मागे स्वयंपाकाला तीन दगडांच्या चुली आहेत, आणि माझ्या ताब्यात एक स्पिरिटचा दिवा आणि काचेच्या काही नळ्या आहेत. मी लघवी उकळते. माझं काम सांगायला हे वाक्य पुरेसं आहे, फक्त लग्नाच्या बोलण्यांत ते चालत नाही.

नळीचा पाऊण भाग भरायचा, ती तिरकी धरायची आणि वरचं टोक ज्योतीवर तापवायचं. निरोगी माणसाची लघवी उकळली तरी स्वच्छ राहते. ढग आला तर त्यात सौम्य आम्लाचे थेंब टाकायचे. विरला तर तो नुसता क्षार. राहिला, दाटला, तर ते अल्ब्युमिन, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकात असतं तसलं द्रव्य. ते रक्तात असायला हवं, लघवीत नव्हे.

आपण चक्का टांगतो तेव्हा पाणी खाली गळावं आणि चक्का फडक्यात राहावा अशी अपेक्षा असते. मूत्रपिंडं म्हणजे तसलंच फडकं. काही मुलांमध्ये, का ते अजून कोणाला कळलेलं नाही, त्या फडक्याची वीण सैल होते आणि पाण्याबरोबर रक्ताचा कसही वाहून जाऊ लागतो. कस गेलेल्या रक्ताला आपलं पाणी धरून ठेवता येत नाही, ते मांसात झिरपतं. आधी डोळ्यांखाली, मग पायांवर, मग पोटात. डॉक्टर या दुखण्याला नेफ्रोसिस म्हणत. उपासमारीनंही अंग सुजतं, आणि आमच्या भागात तसली सूज जास्त. दोन्ही मुलं शेजारी बसवली तर वरून फरक सांगणं कठीण. तो माझी नळी सांगते.

पण नळीत घालायला आधी लघवी मिळायला हवी. शहरातले लोक लाजतात. दरबारातल्या एका कारकुनांनी आपला नमुना अत्तराच्या बाटलीतून पाठवला होता. उकळल्यावर खोलीभर हिन्याचा वास सुटला आणि निष्कर्ष काहीच निघाला नाही. डोंगरातले लोक लाजत नाहीत, भितात. अंगातून निघालेली वस्तू, केस, नख, लघवी, परक्याच्या हाती गेली तर तिच्यावर करणी करता येते. त्यामुळे माझ्या आधीच्या नर्सला नमुने मिळत नसत. मिळाला तर बैलाचा मिळे. मी एक रीत पाडली. ज्याचा नमुना त्याच्या माणसानं माझ्या शेजारी उभं राहायचं, सगळं डोळ्यांनी बघायचं, आणि नंतर उरलेलं स्वतःच्या हातानं बाहेर नेऊन ओतायचं. काही चोरलं जात नाही हे दिसलं की भीती जाई.

त्या दिवशी ती आई तशी शेजारी उभी राहिली. तिचं नाव बुधी, मुलीचं मंगळी, गाव साखरशेत. नळीचं टोक तापलं आणि ढग तर आलाच, पण पुढच्या क्षणी वरचा भाग खवल्यासारखा घट्ट पांढरा झाला. इतकं अल्ब्युमिन मी पूर्वी पाहिलं नव्हतं. बुधीनं नाक जवळ नेऊन बघितलं.

"अंडं हाय," ती म्हणाली.

मी मान हलवली. म्हटलं, तसंच समज.

"म्हणजे माझी पोर अंडं मुतते, आन् कोंबडी नुसतीच आरडते."

मी हसले. माझं हसू ओसरल्यावर मात्र ती रडायला लागली, कारण आता तिला ते समजलं होतं. वाढलेली म्हणून ती ज्या पोरीचं कौतुक करत होती ती आतून रिकामी होत होती.

या दुखण्यावर नेमकं औषध तेव्हा नव्हतं, मी हे लिहिते आहे तेव्हाही नाही. अंथरुणात पडून राहायचं, मीठ बंद, दूध आणि अंडी, आणि लघवी सुटावी म्हणून एखादं औषध. काही मुलांची सूज आपोआप उतरते, बऱ्याचदा पुन्हा येते. पुष्कळ मुलं सुजेनं जात नाहीत, कस गेल्यामुळे दुसरा कुठला तरी आजार त्यांना उचलून नेतो. डॉक्टरांनी हे सगळं बुधीला आणि तिचा नवरा लाडक्या याला सरळ सांगितलं. डॉक्टरांना भाषेची अडचण होती, पण खोटं बोलायची सवय नव्हती. पोर राहील का, असं लाडक्यानं विचारलं. राहीलही, असं डॉक्टर म्हणाले. त्या 'ही'चं वजन लाडक्याला बरोबर समजलं.

मंगळी खाटेवर राहिली; माझा दिवा पेटला की तेवढा फुंकून विझवायला धडपडायची. बुधी मागच्या चुलीवर रांधायची, लाडक्या बाजाराच्या दिवशी गावाहून सामान आणायचा. भाद्रपद संपत आला तरी सूज तसूभर हलली नाही. पोट ढोलकीसारखं ताणलं. डॉक्टरांना संशय आला की बुधी चोरून मीठ घालते. मलाही आला. मी चुलीकडे लक्ष ठेवलं. मीठ खरंच नव्हतं. मंगळी अळणी भाकरीचा तुकडा तोंडात धरून बसे आणि गिळत नसे. बुधी देवाची शपथ घेऊन सांगे की मिठाचा खडासुद्धा दवाखान्यात आणलेला नाही, आणि ते खरं होतं.

लाडक्याचा धीर सुटला आणि तो जव्हारातल्याच वैद्यबुवांकडे गेला. बुवा म्हातारे, कडक, सोवळ्याचे. रोगी पाहिल्याशिवाय औषध देणार नाहीत, आणि दवाखान्याचा उंबरा ओलांडणार नाहीत. शेवटी ते आमच्या पायरीशी येऊन उभे राहिले. लाडक्यानं मंगळीला उचलून त्यांच्यासमोर आणलं. डॉक्टर आत खुर्चीवर. दोघांत चार हातांचं अंतर, दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येत होतं, पण बोलणं माझ्यामार्फतच व्हायचं.

वैद्यबुवांनी नाडी पाहिली, नडगी दाबली आणि मला म्हणाले, "तुमच्या डॉक्टरांना विचारा, मीठ बंद केलं आहे का?"

मी आत वळले. डॉक्टर म्हणाले, "त्यांना सांगा, पहिल्या दिवसापासून."

"मग आमचं एवढ्यापुरतं जमलं," बुवा पायरीला उद्देशून म्हणाले. त्यांच्या शास्त्रात याला शोथ म्हणतात, आणि शोथात मीठ, आंबट आणि जड अन्न वर्ज्य, दूध हेच मुख्य अन्न. औषध म्हणून पुनर्नवेच्या मुळांचा काढा, त्यात थोडं गोखरू. पुनर्नवा म्हणजे आपली घेटुळी, पावसाळ्यात बांधावर पसरते ती. लघवी सुटायला तिचा उपयोग होतो असा त्यांचा अनुभव. डॉक्टरांनी माझ्यामार्फत विचारलं की त्यात पारा, लोखंड, कसली भस्मं वगैरे आहेत का. बुवांना राग येईल असं मला वाटलं. ते म्हणाले, "त्यांना सांगा, ज्या गाळणीची वीण सुटली आहे तिच्यातून मी वाळू ओतत नाही. आणि बरं करतो असंही मी म्हटलेलं नाही. काढा देतो, एवढंच म्हटलं."

डॉक्टरांनी सांगितलं की काढा द्या, पण माझ्या डोळ्यांसमोर द्या, आणि लघवी रोज मोजा. दोन शास्त्रांमधला हा तह मी पायरीपासून टेबलापर्यंत फेऱ्या मारून घडवला, याचा मला आजही थोडा गर्व आहे.

लघवी थोडी वाढली. सूज मात्र बसली नाही, आणि नळीतला खवला पहिल्या दिवसासारखाच घट्ट.

मग मंगळीला ताप भरला. डोळे लाल, नाक वाहू लागलं, आणि दोन दिवसांत कानामागून पुरळ उठला. गोवर. डॉक्टरांनी तोंडाला हात लावला. गोवर चांगल्या पोसलेल्या मुलालाही लोळवतो, हिच्या अंगात तर काही उरलं नव्हतं. बाकीच्या खाटांवरही मुलं होती. तिला ठेवावं तर त्यांना धोका, पाठवावं तर हिला.

निर्णय बुधीनं घेतला. गोवर म्हणजे देवी आली आहे, तिला परक्या घरात ठेवता येत नाही. देवी अंगात असताना औषध द्यायचं नसतं, घरात परक्यानं यायचं नसतं, दाराला लिंबाचा पाला बांधायचा असतो. डॉक्टरांनी समजावलं, लाडक्यानंही थोडं समजावलं, पण तिनं पोरीला पाठुंगळी बांधली आणि ती साखरशेतच्या वाटेला लागली. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. काढ्याचं भांडं चुलीशेजारी तसंच राहिलं. मी ते कितीतरी दिवस उचललं नाही. मला वाटलं, ही पोर आपल्याला परत दिसायची नाही, आणि डॉक्टरांनाही तसंच वाटत होतं, कारण त्यांनी तिची खाट लगेच दुसऱ्या कोणाला दिली नाही.

दसरा गेला. हळव्या भाताची कापणी सुरू झाली. बाजाराच्या दिवशी साखरशेतचा कोणी दिसला की विचारावं असं वाटे, आणि मी विचारत नसे. विचारलं नाही तोवर ती जिवंत होती.

एका सकाळी मी नळ्या धुवून पालथ्या घालत होते. दारात बुधी उभी होती. तिच्याबरोबर कोणीतरी एक लहान मुलगी होती, मोठ्या डोळ्यांची, टोकदार हनुवटीची, काडीसारख्या पायांची. मी तिच्यामागे मंगळीला शोधू लागले. मग ती मुलगी आत आली आणि नेहमीच्या सवयीनं माझा स्पिरिटचा दिवा फुंकायला धावली. ती मंगळीच होती. तिचा खरा चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता. सूज ती आमच्याकडे येण्याआधीपासूनची होती.

ओटीवरच्या बाया पोर किती खंगली म्हणून हळहळत होत्या. मला तिच्या बरगड्या बघून इतका आनंद झाला की मी तोंड फिरवलं.

डॉक्टरांनी तिला उलटसुलट तपासलं. नडगीवर खळगा नाही, पोटात पाणी नाही. कधी उतरली सूज? देवी निघायला लागली तशी, बुधी म्हणाली. पोर सारखी मुतायला लागली, अंथरूण भिजायचं, आणि अंग रिकामं होत गेलं. काय दिलंस? काही नाही. पेज आणि शेळीचं दूध. देवी घरात म्हणून फोडणी नाही, तळण नाही, सुकटही बंद.

"सुकटही?" डॉक्टरांनी विचारलं. "म्हणजे आधी देत होतीस?"

बुधी गोंधळली. हे काय विचारणं झालं? मीठ बंद, म्हणून तर सुकट. पोर अळणी भाकरी गिळेना, मग चुलीत भाजलेला बोंबील, मूठभर सुकट, एवढं देत होती. मासळीवाल्या डहाणूकडून घेऊन येतात ती. मीठ तर वाण्याकडे मिळतं. ते एक, हे एक.

डॉक्टर माझ्याकडे बघू लागले आणि मी त्यांच्याकडे. दवाखान्याच्या मागच्या चुलींवर बोंबील भाजल्याचा वास रोज असायचा. प्रत्येक रोग्याचे नातेवाईक ते भाजायचे. तो वास आम्हाला हवेसारखा झाला होता. समुद्राच्या मिठात वाळवलेला मासा, आणि आम्ही मिठाच्या खड्यासाठी तिची गाठोडी तपासत होतो. वैद्यबुवांनी आंबटसुद्धा वर्ज्य सांगितलं, पण सुकट हा शब्द त्यांच्या घरात उच्चारला जात नव्हता.

"म्हणजे सुकट थांबली म्हणून सूज उतरली," मी मनात म्हटलं. पण ते पुरतं खरं नव्हतं. मीठ थांबलं की सूज उतरेल, पण फडक्याची वीण मिठानं बिघडत नाही आणि मिठानं सांधत नाही. ती सांधली का, हे नळीच सांगणार होती.

बुधी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. या वेळी लाडक्याही आला, दारात थांबला. डॉक्टर खुर्चीवरून उठून आले, असं ते कधी करत नसत. मी नळी तिरकी धरली. बुडबुडे आले. पाणी उकळलं, आणि स्वच्छ राहिलं. मी आम्लाचे थेंब टाकले. स्वच्छ. मी नळी खिडकीच्या उजेडात धरली, मग दुसरा नमुना घेतला आणि पुन्हा उकळला, कारण हातावर विश्वास बसेना. पलीकडचं आंब्याचं झाड नळीतून उलटं पण स्पष्ट दिसत होतं.

"अंडं नाय," बुधी म्हणाली.

डॉक्टर हळू आवाजात माझ्याशी इंग्रजीत बोलले. गोवरानंतर हा विकार एखाद्या मुलात अचानक मावळतो असं त्यांच्या ऐकण्यात होतं, का ते कोणी सांगू शकत नाही. काढ्याचा परिणाम उशिरा दिसला असेल. आपल्या औषधाचाही असेल. किंवा तो आपोआपच गेला, तसंही होतं. आणि परतही येतो.

हे चाललं असताना लाडक्या पुढे आला. त्याला एक गोष्ट विचारायची होती, आणि ती तो डॉक्टरांना, मला, कोणालाही विचारत होता. पोर कोणी बरी केली? देवीनं, बुवांनी का तुम्ही? त्याच्या बोलण्यात आभाराचा सूर नव्हता, काळजी होती. कारण कोंबडा ज्याचा त्याला द्यावा लागतो. भलत्याला दिला तर ज्यानं केलं तो रागावतो आणि दुखणं माघारी येतं. बुवांकडे तो जाऊन आला होता. बुवा म्हणाले, काढा अर्ध्यावर सुटला, मी काय सांगू. गावचा भगत म्हणाला, देवीनं. तेव्हा आता दवाखान्यानं सांगावं.

"नीट सांग," लाडक्या म्हणाला. "चुकलो तर पोर जाईल."

डॉक्टरांनी तोंड उघडलं. त्यांना 'औषधानं' म्हणता आलं असतं. पुढच्या वेळी लोक लवकर आले असते, दवाखान्याचं नाव झालं असतं. त्यांनी तोंड मिटलं आणि दोन्ही हात खिशात घातले. ओटीवरच्या बाया कान देऊन बसल्या होत्या. मंगळी पालथ्या नळ्या मोजायच्या नादात होती. आणि मग माझ्या लक्षात आलं की सगळे माझ्याकडे बघत आहेत, कारण नळी माझ्या हातात होती.

मी एवढ्या लोकांसमोर कधी बोलले नव्हते. डोंगरातली माणसं राजालाही तू म्हणतात, तेव्हा मीही तेच म्हटलं.

"लाडक्यादादा, कोणी बरी केली ते इथं कोणालाच ठाऊक नाही, मलाही नाही. तू चुकलेला नाहीस आणि चुकणारही नाहीस, कोंबड्यानं हे दुखणं येत नाही की जात नाही. आज तिचं पाणी स्वच्छ आहे, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. तिला घरी ने, सुकट देऊ नको, आणि सकाळी उठल्यावर तिचे डोळे सुजलेले दिसले तर देवी, बुवा, कोणाची वाट न बघता त्याच दिवशी माझ्याकडे आण. मी उकळून बघेन."